जोह्याच्या कारखान्यातील अर्धा तास

पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे ही गावे गणपतीच्या मूर्तींसाठी ओळखली जातात. येथे घडलेली मूर्ती मुंबई-पुण्याला जाते आणि समुद्र ओलांडून परदेशातही जाते. ही मूर्ती शाडूची असावी की प्लास्टरची, यावरून गेली काही वर्षे मोठे रणकंदन माजले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे 2020 मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि 9 जून 2025 रोजी न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती बनवण्यास व विकण्यास मुभा दिली. नैसर्गिक पाण्यात त्यांचे विसर्जन मात्र परवानगीशिवाय करता येणार नाही असे बजावले. या काळात पर्यावरणवादी बोलले, मंडळे बोलली, मूर्तिकारांच्या संघटना बोलल्या, मंत्रीही बोलले. नदीच्या पाण्याचा विचार झाला, परंपरेचा झाला, बाजारपेठेचा तर झालाच झाला. परंतु जी बाई सकाळपासून पत्र्याच्या शेडमध्ये मूर्तीला पॉलिश पेपर घासत बसते, तिला दुपारी डबा खायला किती वेळ मिळतो, आणि तेवढ्या वेळाचे पैसे तिच्या पदरात पडतात की तिच्याच कमाईतून वजा होतात, हे कोणी विचारले नाही. आम्ही ते विचारीत आहोत.

आमच्या चळवळीतील काही मित्र लगेच म्हणतील, गणपतीच्या कारखान्याशी आपले काय देणेघेणे? आपण तर बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे! त्यांना आम्ही एवढेच विचारतो की, मुंबईच्या गिरण्यांशी बाबासाहेबांचे काय देणेघेणे होते? त्या गिरण्यांच्या विणकाम खात्यात आपल्या माणसाला प्रवेश नव्हता. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्याच्या उष्ट्याचा विटाळ नको, असे सवर्ण कामगारच म्हणत आणि लाल बावटेवाले पुढारी त्यावर मूग गिळून बसत. बाबासाहेबांनी त्या पुढाऱ्यांना खडसावून जाब विचारला. पण पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी कामाचे तास कमी केले ते सगळ्यांचे केले. विणकाम खात्यातल्यांचेही केले. मूर्ती कोणाची आहे हा भक्ताचा प्रश्न आहे. आमचा प्रश्न ती मूर्ती घासणाऱ्या हातांचा आहे, आणि ते हात आमच्या वस्त्यांतून येतात, आदिवासी वाड्यांतून येतात, आगरी-कोळ्यांच्या घरांतून येतात, आता उत्तर प्रदेश-बिहारातूनही येतात.

हा धंदा कसा चालतो हे आधी समजून घेतले पाहिजे, नाहीतर कायद्याची भाषा हवेतच राहील. साच्यात प्लास्टर आणि काथ्या घालून मूर्ती काढतात, ती सुकवतात, सांधे भरतात, घासतात, मग पांढरा हात, मग अंगाचा रंग, मग सोवळ्या-शेल्याचे रंग, शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी करणारा कारागीर हा या धंद्यातला मानकरी. त्याला कारखानदार सांभाळून घेतो, त्याचा चहा जागेवर येतो. घासणारी, भरणारी, उचलून ठेवणारी माणसे मात्र उतरंडीच्या तळाशी. उतरंड आपल्याकडे मडक्यांत असते, माणसांत असते, ती कामातही असते. यातले बरेचसे काम नगावर दिले जाते. एवढ्या इंचाची मूर्ती घासली की एवढे पैसे. उरलेली माणसे रोजावर. परदेशी जाणारा माल पावसाळ्याच्या आधीच हलवावा लागतो, म्हणून उन्हाळ्यात एक घाई. आणि आषाढ-श्रावणात दुसरी घाई, त्यात पावसाळी हवेत रंग वाळत नाही, म्हणून रात्रीही दिवे जळत असतात.

नगावरच्या कामात मुकादमाला ओरडावे लागत नाही. सुट्टी घेऊ नको असे कोणी सांगत नाही. मालक हसून म्हणतो, "बसा की ताई, तुमचंच काम आहे, तुम्हाला कोणी अडवलंय?" आणि ताई बसत नाही, कारण अर्धा तास बसली तर तेवढ्या मूर्ती कमी, तेवढे पैसे कमी. ती एका हाताने भाकर मोडते आणि नजर पुढच्या मूर्तीवर ठेवते. तिच्या डोक्यावर प्लास्टरची भुकटी, शेजारी स्प्रे गनने रंग मारणे चाललेले, आणि भाकरीचा डबा त्याच फळीवर. कायद्याच्या पुस्तकात याला स्वखुशी म्हणतात. आम्ही वकिली करतो, म्हणून आम्हाला ठाऊक आहे की गरिबाच्या विरोधात वापरला जाणारा सगळ्यात गोड शब्द हाच आहे.

ही स्वखुशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेली आहे. विडी कामगार नगावर विडी वळतो, वाटेल तेव्हा येतो, वाटेल तेव्हा जातो, मग तो कारखाने कायद्याखाली कामगार ठरतो का? बिर्दीचंद शर्मा विरुद्ध नागपूरचे दिवाणी न्यायाधीश या 1961 च्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले, ठरतो. लगेच पुढे शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (एआयआर 1962) या प्रकरणात बहुमताने सांगितले, या माणसावर मालकाचे नियंत्रण नव्हते, म्हणून हा ठरत नाही. एकाच विडीला दोन न्याय! अखेर 1966 साली विडी आणि सिगार कामगारांसाठी संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला आणि त्यात विश्रांतीची वेळ लिहावी लागली. गणपतीच्या मूर्तीसाठी तसा कायदा कोणी केला नाही. करील असे चिन्हही नाही.

आता इतिहासाकडे वळतो, कारण हा अर्धा तास आकाशातून पडलेला नाही. सप्टेंबर 1884 मध्ये सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातली पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची होती. ती सगळ्यांना पाठ आहे, 10 जून 1890 ही तारीखही अनेकांना पाठ आहे. दुसरी मागणी मात्र आपण विसरलो. ती होती, रोज दुपारी अर्धा तास काम बंद ठेवण्याची. महात्मा फुल्यांच्या या सहकाऱ्याने एक दिवस मागितला आणि त्याच कागदावर अर्धा तासही मागितला, कारण आठवड्याचा थकवा वेगळा आणि दिवसाची भूक वेगळी, हे त्याला कळत होते. 1891 च्या कारखाने कायद्यात दुपारचा हा अर्धा तास आला. आज कोणत्याही कार्यालयात एक वाजता डबा उघडणारा साहेब, तो कोणत्याही जातीचा असो, सत्यशोधकांच्या ऋणात आहे. त्याला ते माहीत नसते, हा भाग निराळा.

त्यानंतर बाबासाहेब. 1945 साली पगारी रजेची तरतूद कारखाने कायद्यात आली ती त्यांच्या मजूर खात्याच्या विधेयकाने. 1946 साली त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांचा आठवडा 54 तासांवरून 48 वर आला आणि हंगामी कारखान्यांचा 60 वरून 50 वर. हा दुसरा आकडा जोह्याच्या माणसाने नीट वाचावा. हंगामी कारखान्याच्या मालकाची ओरड तेव्हाही हीच होती की आमचा धंदा चार महिन्यांचा, आम्हाला तास मोजून कसे चालेल? त्याला दहा तासांची कात्री लागली. पुढे 1948 च्या कारखाने कायद्याने हंगामी आणि बारमाही हा भेदच काढून टाकला. म्हणजे "सीझन आहे हो" ही सबब कायद्याने 1948 सालीच बाद केलेली आहे.

त्याच 1948 च्या कायद्यातील कलम 55 हा आजच्या लेखाचा मुद्दा. कोणत्याही प्रौढ कामगाराला सलग पाच तासांपेक्षा जास्त काम लावता येणार नाही, त्याआधी किमान अर्धा तास विश्रांती दिली पाहिजे. निरीक्षकाने कारणे देऊन लेखी सूट दिली तर फार तर सहा तास. कलम 56 म्हणे की विश्रांती धरून सगळा पसारा साडेदहा तासांच्या आत आवरला पाहिजे. जिथे विजेच्या मदतीने काम चालते तिथे दहा माणसे असली की कारखाना. रंगाचा कॉम्प्रेसर विजेवरच चालतो, हे आम्ही कित्येक सभांतून सांगितले. भिंतीवर पाटी 'कला केंद्र' अशी लावली तरी आत कॉम्प्रेसर आणि दहा माणसे असतील तर तो कायद्याने कारखाना होता, मग माणसे रोजावर असोत की ठेकेदारामार्फत आलेली असोत.

होता, असे आम्ही लिहीत आहोत. कारण 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि 1948 चा कारखाने कायदा रद्द झाला. नव्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विजेवरच्या कारखान्यासाठी दहाऐवजी वीस माणसे लागतात, विजेविना चाळीस. कामाच्या तासांचे कलम मात्र दहा माणसांच्या आस्थापनेलाही लागू आहे आणि त्यात दिवसाला आठ तास असे स्पष्ट लिहिले आहे. हे चांगले आहे आणि चांगल्याला चांगले म्हटले पाहिजे. पन्नासाहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात विश्रांतीची व जेवणाची खोली, हेही चांगले. पूर्वी दीडशेहून अधिक लागत. पण विश्रांतीचे काय? संहितेचे कलम 25 म्हणते की विश्रांतीचा अवकाश आणि कामाचा एकूण पसारा समुचित सरकार अधिसूचनेने ठरवील. म्हणजे सलग पाच तास आणि अर्धा तास हे जे आकडे संसदेच्या कायद्यात होते, ते आता सरकारच्या कागदावर गेले.

फरक काय, असे वाचक विचारतील. सरकार अधिसूचनेत अर्धा तास लिहीलच की! लिहील. पण कायद्यातला आकडा बदलायला विधिमंडळात किंवा संसदेत उभे राहावे लागते, चार विरोधक बोलतात, वर्तमानपत्रांत येते. अधिसूचनेतला आकडा मंत्रालयातल्या टेबलावर बदलतो आणि जोह्याच्या बाईला तो कळतही नाही. अधिकार कायद्यात कोरून ठेवावेत आणि सत्ताधाऱ्याच्या मर्जीवर सोडू नयेत, हीच तर बाबासाहेबांची घटनेविषयीची सगळी धडपड होती. मर्जी कोणत्या दिशेला झुकते तेही पाहा. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने 3 सप्टेंबर 2025 रोजी कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा 9 वरून 12 तास आणि दुकाने-आस्थापनांतील 9 वरून 10 तास करण्याचे ठरवले. दुकाने व आस्थापनांत विश्रांतीपूर्वीच्या सलग कामाची मर्यादा पाचावरून सहा तास करण्याचे आणि तो कायदा दहाऐवजी वीस कामगारांपासून लागू करण्याचे त्याच बैठकीत ठरले. कारण दिले गुंतवणूक यावी म्हणून. जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल असेही सांगितले गेले. संमती! म्हणजे पुन्हा तीच स्वखुशी.

पण वकिलाने नुसते रडगाणे गाऊ नये, पकड कुठे मिळते ते सांगावे. ती वेतन संहितेत आहे. 1948 च्या किमान वेतन कायद्याच्या कलम 13 मध्ये सामान्य कामाचा दिवस किती तासांचा हे ठरवताना त्यात एक किंवा अधिक विश्रांतीचे अवकाश समाविष्ट असतील, असे शब्द होते. 2019 च्या वेतन संहितेतही कलम 13 मध्ये तेच शब्द आले आहेत. समाविष्ट! कारखाने कायद्यात विश्रांती कामाच्या तासांबाहेर होती, म्हणून मालक म्हणत की अर्धा तास तुझा, त्याचा पैसा नाही. किमान वेतनाच्या कायद्यात मात्र दिवसाची मजुरी ज्या दिवसाची ठरते त्या दिवसाच्या पोटातच विश्रांती आहे. म्हणून किमान वेतनापुरता हा अर्धा तास पगारी आहे, असा आमचा युक्तिवाद आहे. शिवाय वेतन संहितेला दहा माणसे लागत नाहीत, वीसही लागत नाहीत. चार माणसांच्या शेडलाही ती लागू आहे. नगावर काम करणाऱ्यालाही वेळेच्या दराने ठरलेल्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही, हेही तिच्यातच आहे. जोह्यातील लहानातल्या लहान कारखान्यात नेता येईल असे हत्यार हेच आहे.

एक सुट्टी तर निर्विवाद पगारी आहे. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला नेहमीच्या विश्रांतीखेरीज दिवसातून दोन वेळा अंगावर पाजण्याची सुट्टी दिली आणि तिच्यासाठी मजुरी कापायची नाही असे लिहिले. सामाजिक सुरक्षा संहितेनेही पाजण्याची सुट्टी कायम ठेवली आहे. तान्हे मूल शेडच्या कोपऱ्यात झोळीत टांगून काम करणाऱ्या आईला हे कोणी सांगितले आहे काय? आमच्या महिला कार्यकर्त्यांनी सांगावे. पुरुषांनी सांगितले तर ती पदर ओढून घेईल आणि ऐकणार नाही. बायकांच्या विश्रांतीत आणखी एक गोष्ट आहे, जी सभ्य माणसे लिहीत नाहीत. शेडला संडास-मुतारी नसली की बाई दिवसभर पाणीच पीत नाही. मग अर्धा तास देऊन काय उपयोग? विश्रांती म्हणजे घड्याळाचा काटा नव्हे. सावलीची जागा, पिण्याचे पाणी आणि मुतारी मिळून विश्रांती होते. केरळच्या कापड दुकानांतल्या विक्रेत्या बायका नुसत्या बसण्याच्या हक्कासाठी लढल्या आणि 2018 साली तिथल्या सरकारला कायदा बदलावा लागला. 2021 साली तामिळनाडूनेही तो केला.

पाण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. सुट्टी झाली की माणसे कुठे बसतात ते पाहावे. काम चालू असते तेव्हा सगळे एका रांगेत असतात, कारण मूर्तीला जात नसते. डबा उघडला की गट पडतात. कोणाच्या हंड्यातले पाणी कोण घेतो, कोणाच्या भाजीत कोण हात घालतो, कातकरी पोर दाराबाहेर का बसते, हे त्या अर्ध्या तासात उघडे पडते. ज्या जिल्ह्यात 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, त्या जिल्ह्यातील कामगाराच्या पाण्याचा माठ एक असावा, ही मागणी कोणत्याही संहितेत लिहिलेली नसली तरी आमच्या मागणीपत्रात राहील.

कारखानदारांविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. यातले अनेक जण स्वतः हात रंगात बुडवून काम करतात, कर्ज काढून कच्चा माल भरतात. भाव ठरवतो तो मुंबईचा व्यापारी. तो उधारीवर माल उचलतो, हंगाम संपल्यावर हिशेब करतो. त्याच्यापुढे कारखानदारही हात जोडूनच उभा असतो. पण म्हणून त्याने तोच भार खालच्या माणसाच्या दुपारच्या भाकरीवर टाकावा हे आम्हाला मान्य नाही. याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, 1933 पासून सहा वर्षे चरीच्या कुळांनी खोतांविरुद्ध संप केला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी, आणि खोती नष्ट करण्याचे विधेयक 1937 साली मुंबई कायदेमंडळात आणले ते बाबासाहेबांनी. कुळांचाही प्रश्न हाच होता की माझ्या कष्टाचा हिशेब कोण करतो आणि कोणाच्या वहीत?

तेव्हा हिशेबच करू. कार्यकर्त्यांनी ऐन घाईत, श्रावणात, कारखान्यात जाऊ नये. तेव्हा कोणी ऐकणार नाही आणि कामगारच आपल्याला हाकलून देतील. विसर्जन झाल्यावर जावे, जेव्हा पुढच्या हंगामाचे नगाचे दर ठरतात. आठ तासांच्या दिवसात अर्धा तास विश्रांतीचा धरला तर हाताला साडेसात तास उरतात. साडेसात तासांत आठ तासांचे पैसे मिळायचे असतील तर नगाचा दर पंधराव्या हिश्शाने वाढला पाहिजे. म्हणजे एक मूर्ती घासण्याचे समजा पंधरा रुपये मिळत असतील तर सोळा. हा एक रुपया कारखानदाराने व्यापाऱ्याच्या बिलात लावावा, व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाच्या. हजारो रुपयांची मूर्ती वाजतगाजत घरी नेणाऱ्याला तो जड होणार नाही. दर कागदावर लिहून घ्यावा, खाली दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि त्याच कागदावर दुपारी एक ते दीड कॉम्प्रेसर बंद राहील असे लिहावे. कॉम्प्रेसर बंद झाल्याशिवाय ताई उठणार नाही. पेण परिसरातील ज्या शाखा या कामात उतरतील त्यांना मागणीपत्राचा मसुदा आणि वेतन संहितेच्या कलमांची मराठी प्रत आम्ही विनामूल्य करून देऊ. यंदाचे विसर्जन होताच पहिली बैठक जोह्यातच घ्यावी.